मॅडम, स्वल्प बोला

संपादकांनी फोनवर मोठ्या मायेने सांगितलं, "मॅडम, नोकरीतले अनुभव लिहा, पण थोडक्यात." माझी कीर्ती त्यांच्यापर्यंत पोचलेली दिसते. मी फार बोलते. लहानपणी आई म्हणायची, ही पोरगी झोपेतसुद्धा वाक्य अर्धं सोडत नाही. अशा मुलीने पुढे पोटापाण्यासाठी काय करायचं? मी शिकवायला लागले. बंगळुरूच्या एका मेडिकल कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना फिजिऑलॉजी शिकवण्यात माझा सगळा जन्म गेला. त्या जन्माचा आढावा घेत बसले तर हा आख्खा अंक मला पुरणार नाही, म्हणून फक्त एका वर्षाची गोष्ट सांगते. त्या वर्षी मला नोकरीवर ठेवून गप्प बसवण्यात आलं होतं.

आधी आमचा धंदा समजून घ्या. शरीरात काय कुठे आहे ते अ‍ॅनाटॉमीवाले शिकवतात आणि ते चालतं कसं ते आम्ही. नकाशा त्यांचा, वाहतूक आमची. मुलं बारावीनंतर नवेकोरे पांढरे कोट घालून येतात, त्यांना लगेच कोणाचा तरी जीव वाचवायचा असतो, आणि आम्ही त्यांना आधी मूत्रपिंडातून मीठ कसं परत घेतलं जातं ते ऐकवतो. त्यामुळे आमच्या तासाला झोपणाऱ्यांची संख्या मोठी. ती कमी ठेवायची म्हणून मी नाटकं शिकले.

माझा हृदयाचा तास कॉलेजात प्रसिद्ध होता. हे मी म्हणत नाही, कॅन्टीनवाला म्हणायचा, कारण त्या वेळी त्याच्याकडे गिऱ्हाईक नसायचं. हृदयाचा डावा कप्पा अंगभर रक्त फेकतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण फेकण्याआधी एक क्षण असा येतो, की मागचं दार बंद झालंय आणि पुढचं अजून उघडलेलं नाही. कप्पा जीव खाऊन आवळतोय, रक्ताला जायला वाट नाही, आत दाब वाढतोय, वाढतोय... इथे मी आवाज अगदी खाली आणायची, दोन्ही हात डोक्याच्या वर न्यायची, सगळा हॉल श्वास रोखून बसायचा, आणि मग फाट्‌दिशी टाळी! दार उघडलं! मागच्या बाकांवरचे दचकून जागे व्हायचे. पुढे डॉक्टर झालेली मुलं मॉलमध्ये भेटली तरी लांबूनच ती टाळी वाजवून दाखवायची. त्या टाळीवर माझा फार जीव होता.

आणि मग आमचे प्राचार्य राव सर एका परिषदेला जाऊन आले. लोक परगावाहून येताना मिठाई आणतात, सर कल्पना आणायचे. स्टाफच्या मीटिंगमध्ये त्यांनी जाहीर केलं की या वर्षी फिजिऑलॉजीत 'फ्लिप्ड क्लासरूम' करून बघायची. आमच्या घरी त्याचं त्याच संध्याकाळी 'उलटा वर्ग' झालं, आणि शेजारच्या अक्कांनी हा योगासनांचा क्लास आहे असं समजून माझ्याकडे नाव घालायला सांगितलं.

उलटा वर्ग म्हणजे एवढंच, की शिक्षकाने जे वर्गात सांगायचं ते व्हिडिओवर सांगून ठेवायचं. मुलांनी ते घरी बघायचं. आणि पूर्वी जे घरी करायचं, म्हणजे डोकं खाजवणं, अडणं, चुकणं, ते सगळं वर्गात येऊन करायचं. शिक्षकाने एखाद्या पेशंटची हकिगत द्यायची आणि मुलांनी गटागटाने ती सोडवायची.

"मग सर, त्या वेळात मी काय करायचं?" मी विचारलं.

"फिरायचं. कोण कुठे अडलंय ते बघायचं. समजावून मात्र सांगायचं नाही. त्यांना एकमेकांना समजावू दे."

"आणि बोलायचं कधी?"

राव सर कानडी, आणि अतिशय सभ्य. माझ्याकडे न बघता, समोरच्या बिस्किटाकडे बघत म्हणाले, "मॅडम, तुम्ही स्वल्प बोला."

आता हा 'स्वल्प' बंगळुरूबाहेरच्या वाचकांना सांगायलाच हवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे. कानडीत स्वल्प म्हणजे थोडं. पण या गावात तो शब्द केवळ थोडं म्हणून राहत नाही, तो विनंती होतो. रिक्षा थांबवायची तर 'स्वल्प थांबा', रांगेत घुसायचं तर 'स्वल्प सरका'. आमच्यासारखी मराठी घरं इथे कित्येक पिढ्यांपूर्वी आली, त्यांच्या स्वयंपाकघरात हा शब्द केव्हाच मुक्कामाला आलाय. स्वल्प चटणी वाढ, स्वल्प ऐकून घे की. तुम्ही जिथे 'जरा' म्हणता, तिथे आम्ही स्वल्प. पुण्याकडे हाच शब्द फक्त स्वल्पविरामात सापडतो, हे मला माहीत होतं. ते वेळेवर आठवलं असतं तर किती बरं झालं असतं! अर्थात राव सरांचा त्या दिवशीचा स्वल्प विनंतीचा नव्हता. कमी बोला, असा सरळ अर्थ होता.

मी भांडले. माझा तास काढून घेताय म्हणाले. शेवटी सरांनी तोड काढली. एक वर्ष करून बघू. वर्षाच्या शेवटी बाहेरचे एक ज्येष्ठ प्राध्यापक येऊन वर्ग बघतील. मुलं आपापसात पेशंटचं कोडं सोडवताना दिसली, तर उलटा वर्ग कायम. मुलं अडली आणि मला फळ्यापाशी जाऊन समजवावं लागलं, तर प्रयोग बंद, माझा तास माझ्या टाळीसकट मला परत. मी लगेच हो म्हणाले. मुलं अडणार याची मला खात्री होती. अहो, मी असताना अडायची, मी नसताना कुठून सुटणार?

व्हिडिओ आमच्या मल्लेश्वरमच्या घरी काढायचे ठरले. माझे यजमान घड्याळाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांच्याकडे वेळ होता आणि वेळेविषयी मतंही होती. मोबाईल तिवईवर बसवून ते 'स्टार्ट' म्हणायचे आणि मी श्वास घ्यायला थांबले की घड्याळाकडे बोट दाखवायचे. पुढच्या खोलीत फुलवालीची हाक यायची, मागच्या खोलीत शेजाऱ्यांचं ड्रिलिंग. राहता राहिलं जेवणघर. तिथे फळा टांगला आणि हृदयाचा व्हिडिओ सुरू केला.

छान रंगला होता. मागचं दार बंद झालं, पुढचं उघडलेलं नाही, दाब वाढतोय, वाढतोय. मी आवाज खाली आणला, हात डोक्याच्या वर नेले, आणि आतून कुकरची शिट्टी झाली.

इतकी नेमकी, की माझे हात वरच राहिले.

"वा!" यजमान ओरडले. "काय टायमिंग!"

"परत घेऊया," मी म्हणाले. "टाळी राहिली."

"कशाला? याच्यापेक्षा चांगलं होणार नाही. बंद भांडं, आत दाब, दार उघडलं आणि सुस्स्! अगं, तू इतकी वर्षं टाळी कशाला वाजवत होतीस?"

हा माणूस कधी माझ्या वर्गात बसला नव्हता. परत काय ते उद्या बघू म्हणून मी आंघोळीला गेले, आणि येते तो त्यांनी व्हिडिओ कॉलेजच्या पानावर चढवलेलासुद्धा होता. माझ्या टाळीची जागा तूरडाळीने घेतली.

पहिल्या उलट्या वर्गात मी 'गुड मॉर्निंग, आता गट पाडा' एवढंच म्हणाले, तर पोरं एकमेकांकडे बघायला लागली. चेतन नावाचा एक बेळगावचा मुलगा होता, कानडी आणि मराठी दोन्ही अस्खलित बोलायचा आणि दोन्हींत आगाऊ. तो काळजीने उठून म्हणाला, "मॅडम, तब्येत बरी आहे ना? बसून घ्या."

मला कळेना. मग उलगडा झाला. सगळ्यांनी माझे व्हिडिओ दुप्पट वेगाने पाहिले होते. तशी सोय असते म्हणे. त्यांच्या ओळखीची मॅडम धबधब्यासारखी बोलणारी होती, आणि ही समोरची बाई एकेक शब्द शोधत बोलत होती. काहींना वाटलं मला झटका येऊन गेलाय. घरी सांगितलं तर यजमानांनी हसून हसून डोळे पुसले, आणि अर्ध्या वेगाची सोय घरच्यांसाठी कुठे मिळेल का, अशी चौकशी केली.

वर्गातली खरी अडचण माझीच होती. गप्प बसणं हे शारीरिक काम आहे, हे फिजिऑलॉजीच्या बाईला त्या वर्षी कळलं. एखादा गट चुकीच्या दिशेने निघाला की माझी जीभ वळवळायला लागायची. यजमानांच्या सल्ल्याने मी तोंडात लवंग धरून वर्गात जायला लागले. पोरांना वाटलं मॅडमची दाढ दुखतेय. एका मुलीने मला चांगल्या डेंटिस्टचं नाव दिलं.

पण गप्प बसल्यावर ऐकू यायला लागलं. एके दिवशी चेतन आपल्या गटाला छातीठोकपणे सांगत होता की हृदय आवळलं की रक्त आधी फुप्फुसाकडे मागे जातं आणि मग वळसा घालून पुढे येतं. गटातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. माझी लवंग चावली गेली. व्हिडिओ पाहून, परीक्षेत बरे मार्क मिळवून, याच्या डोक्यात रक्त उलटं वाहत होतं. वर्गात बोलला म्हणून निदान कळलं. मी इतकी वर्षं टाळ्या वाजवत होते, तेव्हा त्या हॉलमधल्या किती डोक्यांत रक्त असंच उलटं वाहत असेल, देव जाणे. याचं मला फार वाईट वाटलं, आणि अजूनही वाटतं. चेतनला मी समजावलं नाही. फक्त म्हटलं, "मागचं दार बंद आहे ना रे? मग जातंय कुठून?" त्यावर त्याचाच गट त्याच्यावर तुटून पडला, आणि तो वाद बघताना माझी करमणूक व्हायला लागली.

तरी माझा तास मला परत हवाच होता. ते मी विसरले नव्हते.

आता मृण्मयी. पहिल्याच आठवड्यात ही मुलगी माझ्या डोळ्यांत भरली. हात वर करायची तो खाली घ्यायचीच नाही. एका प्रश्नातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा. तास संपल्यावर व्हरांड्यात गाठून नाव विचारलं तर मराठी निघाली. पुण्याची. आईवडील दोघं आयटीत, नुकतेच बदली होऊन महादेवपुऱ्याला राहायला आलेले. मला इतका आनंद झाला, की कॉलेजातलं इंग्रजी टाकून मी घरच्या भाषेत शिरले. तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "हे बघ मृण्मयी, माझ्या वर्गात स्वल्प बोल की!"

तिचा चेहरा पडला. "हो मॅडम," म्हणाली आणि गेली. मला वाटलं, पुणेरी संकोच असेल. 'पुणेरी' आणि 'संकोच' हे दोन शब्द एकत्र ऐकायची मला सवय नव्हती, पण म्हटलं, नवीन पिढी आहे.

त्या दिवसापासून मुलगी मुकी झाली. गटात बसायची, वहीत भराभर आकृत्या काढायची, लेखी चाचणीत अव्वल. पण तोंडातून शब्द नाही. चुकीचं उत्तर ऐकलं की ओठ घट्ट मिटून खिडकीबाहेर बघायची. मी तिच्या बाकापाशी जाऊन हळूच सांगायची, "मृण्मयी, स्वल्प गं, स्वल्प." ती रडकुंडीला आल्यासारखी माझ्याकडे बघायची. मी आणखी प्रेमाने म्हणायची, "स्वल्प तरी बोल." मग ती तोंडावर हात ठेवून बसायची. तिचे गटातले सोबती तिला बोलतं करायला गेले तरी ती मान हलवून नको म्हणायची. उलट्या वर्गाने एक चांगली मुलगी बिघडवली, असं मी राव सरांना जाऊन सांगितलं, आणि त्यांनाही काळजी वाटायला लागली.

पालकसभेला तिची आई आली. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच. "मॅडम, तुमचे व्हिडिओज आम्ही डिनरला टीव्हीवर लावतो! सुपर आहेत! मला तर आता इंटरव्ह्यूमध्ये कुणी हार्टबद्दल विचारलं तरी सांगेन. आणि तो कुकर! आमच्याकडे शिट्टी झाली की हिचे बाबा ओरडतात, 'व्हॉल्व्ह ओपन!'"

"ती घरी बोलते का हो?" मी विचारलं.

"नॉनस्टॉप. पण तुम्ही सांगितल्यापासून कॉलेजमध्ये फार कंट्रोल करते हं. थँक्यू मॅडम, तिला कुणीतरी सांगायलाच हवं होतं."

मी काहीतरी गोड खाण्यावरून किंवा मोबाईलवरून कधी बोलले असेन, असं मला वाटलं. "करू दे, करू दे, चांगलं आहे," मी म्हणाले. आईला समाधान वाटलं, मलाही वाटलं, आणि दोघी वेगवेगळ्या गोष्टींबद्दल समाधानी होऊन चहा प्यायलो.

होता होता वर्ष संपत आलं आणि पाहुण्या प्राध्यापकांचा दिवस उजाडला. उंच, कोरडे गृहस्थ. राव सरांच्या शेजारी मागच्या बाकावर बसले आणि त्यांनी पेनचं टोपण काढून ठेवलं. मी नवी कांजीवरम नेसले होते. मनात म्हटलं, तास परत मिळाला तर तो नीट नटूनथटून घ्यावा.

पेशंट मीच निवडला होता, आणि सोपा निवडला नव्हता. मेट्रोचे जिने चढताना एक आजोबा चक्कर येऊन पडले. त्यांच्या हृदयाचा डावा कप्पा दणकट आहे, आवळताना आतला दाब नेहमीपेक्षा कितीतरी जास्त चढतो. आणि मनगटावर नाडी मात्र लागते न लागते. असं का?

सुरुवातीला गोंगाट झाला. एक गट म्हणाला हृदय थकलंय. दुसरा म्हणाला, थकलं असतं तर दाब कसा चढेल? चेतनच्या गटाने रक्त कमी असेल असं म्हटलं, ते तिसऱ्या गटाने खोडलं. दाब जास्त तर नाडी जोरात हवी, नाडी मंद तर दाब कमी हवा. दोन्ही खरं कसं? आवाज कमी कमी होत गेले आणि हॉल शांत झाला. कोणालाच पुढे सरकता येईना. सगळी मुलं माझ्याकडे बघायला लागली. राव सरसुद्धा बघायला लागले. पाहुण्यांनी पेन उचललं.

वाचकहो, फळा माझ्या पाठीशी होता. खडू माझ्या हातात होता, तो कधी घेतला ते मलाही कळलं नाही. आता वळायचं आणि बोलायचं, एवढंच बाकी होतं. वर्षभराचं तुंबलेलं सगळं घशाशी आलं होतं. वळले की माझा तास माझा होता.

आणि वळता वळता मला मृण्मयी दिसली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. ओठ आवळलेले, दोन्ही हातांनी बाकाची कड धरलेली, आणि ती जागच्या जागी अक्षरशः थरथरत होती. तिला उत्तर येत होतं. इतकं येत होतं की तिला ते धरवत नव्हतं. माझ्या मनातून तास गेला, टाळी गेली, कांजीवरम गेली. एवढं येत असून ही पोरगी अशीच गप्प बसून डॉक्टर होणार की काय! मी खडू खाली टाकला आणि अगदी काकुळतीने म्हणाले, "मृण्मयी, स्वल्प बोल की गं!"

ती ताडकन उठली.

"मॅडम, अजून किती कमी बोलू?" ती ओरडली, अस्सल पुणेरी मराठीत, पाहुण्यांच्या देखत. "वर्षभर मी तोंड उघडलेलं नाहीये! तुम्ही पहिल्याच आठवड्यात सांगितलंत स्वल्प बोल, मी बोललेच नाही. तरी तुम्ही रोज येऊन स्वल्प, स्वल्प! आता काय श्वासपण बंद करू?"

हॉलमध्ये अर्ध्यांना मराठी कळत नव्हती आणि उरलेल्यांना काय चाललंय ते कळत नव्हतं. फक्त चेतनला दोन्ही कळलं. तो आधी आ वासून तिच्याकडे बघत राहिला आणि मग बाकावर डोकं ठेवून गदागदा हसायला लागला.

"अगं ए बाई," तो धापा टाकत म्हणाला, "स्वल्प म्हणजे जरा गं! कमी बोल न्हवं, जरा बोल म्हणत्यात मॅडम! वरीसभर तुझ्या पाया पडायल्यात त्या!"

मृण्मयीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. दुसरं काय करणार? व्हरांड्यातला तिचा पडलेला चेहरा, तोंडावर ठेवलेले हात, तिच्या आईचं ते 'कंट्रोल', सगळं मला एकदम दिसलं. चेतनने तेवढ्यात सगळ्यांना कानडीत आणि इंग्रजीत भाषांतर करून सांगितलं आणि हॉल हसण्याने फुटला.

"म्हणजे मी बोलू?" तिने विचारलं.

"बोल!" मी म्हणाले.

आणि मग ती जी सुटली! "अरे, व्हिडिओतला कुकर आठवा. शिट्टी होते कारण वाफेला वाट मिळते. आता त्या शिट्टीत डाळ अडकलीय समजा. आत दाब केवढा? भयंकर! आणि शिट्टी? फुस्स! तुम्ही दाब आणि नाडी एकाच ठिकाणी मोजताय. दाब कुकरच्या आतला आहे आणि नाडी कुकरच्या बाहेरची. आजोबांचं हृदय मस्त आहे, पुढचं दार चिकटलंय! जिना चढताना पाय जास्त रक्त मागतात, अरुंद दारातून तेवढं जात नाही, डोक्याला कमी पडतं, चक्कर!" मग फळ्यापाशी येऊन, माझ्या पायाजवळचा खडू उचलून, तिने दोन्हीकडचे दाब काढून दाखवले. चेतनने शंका काढली, तिने ती उडवली. दुसऱ्या गटाने तिची एक रेघ चुकीची दाखवली, तिने ती भांडून भांडून मान्य केली. सगळे बाक सोडून फळ्याशी गोळा झाले आणि मला मागे सरकावं लागलं. कोणीतरी मला "मॅडम, स्वल्प साइड" असंही म्हणालं.

तास संपल्यावर पाहुणे माझ्याकडे आले. ते कोरडे गृहस्थ हसत होते. "मॅडम, मी पुष्कळ वर्ग बघितले. पण मुलं अडल्यावर तुम्ही फक्त चार शब्द बोललात."

"तेही उलटे पोचले," मी म्हणाले.

राव सरांनी तिथल्या तिथे उलटा वर्ग कायम केला. माझा तास गेला. खाली पार्किंगमध्ये गाडीत बसून मला हसू आवरेना, आणि हसताना टाळीची आठवण येऊन थोडं वाईटही वाटलं. घरी यजमानांना सगळं सांगितलं तर त्यांनी अभिमानाने जाऊन कुकरवरून हात फिरवला.

त्यानंतर मृण्मयीला थांबवणं अवघड झालं. पुढच्या वर्षी दुसऱ्या विभागाचे एक प्राध्यापक माझ्याकडे तक्रार घेऊन आले, की तुमची ती विद्यार्थिनी फार बोलते, तिला स्वल्प समजावा. मी म्हटलं, एकदा समजावलं होतं, आता हिंमत नाही.

माझ्या निवृत्तीच्या दिवशी राव सरांनी मला एक भेट दिली. उलटा वर्ग नाही, सुलटा. त्या जुन्या मोठ्या हॉलमध्ये एक पूर्ण तास, हृदयाचा, फक्त माझा. सगळ्या वर्षांची मुलं येऊन बसली होती, पायऱ्यांवरसुद्धा. मृण्मयी आता वॉर्डात काम करत होती, गळ्यात स्टेथोस्कोप तसाच घेऊन पहिल्या रांगेत. चेतन तिच्या शेजारी. यजमान मागे तिवई लावून घड्याळ बघत उभे. राव सरांनी माईक माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "मॅडम, स्वल्प बोला."

"सर, कुठला स्वल्प?" मी विचारलं. हॉल हसला.

सर पहिल्या रांगेकडे बघून हसले. "जरावाला," ते मराठीत म्हणाले. कोणाकडून शिकून आले होते, कोण जाणे. मृण्मयी जमिनीकडे बघत होती.

मग मी बोलले. मनसोक्त बोलले. लवंग नाही, काही नाही. जुने विनोद, जुने हातवारे, सगळं जसंच्या तसं आलं. मुलं पूर्वीसारखी ऐकत होती, आणि माझा जीव सुखावला. मग तो क्षण आला. मागचं दार बंद झालं. पुढचं उघडलेलं नाही. दाब वाढतोय, वाढतोय. मी आवाज खाली आणला. हात डोक्याच्या वर नेले. किती वर्षं मी या टाळीची वाट बघितली होती. हॉलने श्वास रोखला.

आणि पहिल्या रांगेतून मृण्मयीने शिट्टी घातली. "सुस्स्स्स्!" तिच्या पाठोपाठ चेतनने, मग रांगेमागून रांगेने, पायऱ्यांवरच्यांनी, राव सरांनी, आणि मागून सगळ्यांत मोठ्याने माझ्या यजमानांनी. सगळा हॉल कुकर होऊन वाजत होता.

टाळी राहूनच गेली. माझे दोन्ही हात वर हवेत होते, आणि त्यांचं काय करावं ते मला सुचेना. मग मी ते खाली आणले आणि सगळ्यांसमोर जोडले.